लाल दोऱ्याचा डबा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, या रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकघरातली मंडळी आणि आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी धाकटी बहीण! मला घरच्यांच्या वतीने कौतुकाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. कौतुक तुम्ही सगळ्यांनी केलंच आहे. मी जरा जळून घेते, चालेल ना?

तुमच्या या आहारतज्ज्ञ बाई लहानपणी नुसती काडी होत्या. खायच्या पुष्कळ, पण अंगी लागेल तर शपथ! मग निदान झालं, सीलिअ‍ॅक. गहू, बार्लीतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. आतली बारीक लव सपाट होते, मग खाल्लेलं शोषलं जात नाही. रक्त कमी, हाडं ठिसूळ, वाढ खुंटलेली. उपाय एकच, जन्मभर गहू बंद. हे ती तुम्हाला कायम सांगत आली. पण घरात तिचं काय राज्य सुरू झालं, ते सांगितलंय का कधी?

तिची कढई वेगळी, फळी वेगळी, डब्याला लाल दोरा. मी जवळ गेले की आई हातावर चापट मारायची. "ब्रेडचे हात लावू नकोस गं तिथे!" कणभरानेही तिला त्रास होतो, हे मला कळायचं. तरी जळायचे. माझ्यासाठी आईने कधी साधा दोरा बांधला नाही.

गेल्या वर्षी मला जिना चढताना धाप लागू लागली. गोळ्या घेऊनही रक्त वाढेना. ही म्हणाली, "ताई, सख्ख्या बहिणींत हे असू शकतं. तपासून घे." मी काय करावं? तपासणीच्या कितीतरी आधीच गहू सोडला. पथ्यात हिच्यापेक्षा कमी नाही, हे दाखवायचं होतं ना! रिपोर्टात काहीच निघालं नाही. आजारसुद्धा हिचाच लाडका, म्हणून मी धुसफुसत बसले, आणि धाप काही जाईना.

हिने कपाळावर हात मारला. "अगं, गहू खात असतानाच रक्तात खूण सापडते. चोर पळाल्यावर पोलिस बोलावलेस की!" मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा ब्रेड खाल्ला, पोट फुगवून घेतलं, पुन्हा रक्त दिलं, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला. परवा निकाल आला. मलाही तेच आहे.

आता माझीही फळी वेगळी होणार. पण डबा भरायला आई नाही. हिला मिळालं ते मला मिळायचं नाही, याचा हेवा मी मरेपर्यंत करणार.

आज सकाळी मात्र हिच्या ओट्यावर घरातल्या इतरांसाठी ठेवलेल्या ब्रेडकडे सवयीने माझा हात गेला आणि हिने फाडकन चापट मारली. अगदी आईसारखी. मी तिथेच रडले.

आपण माझा जळफळाट गोड मानून ऐकलात, आभारी आहे. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. केक तुमचा. टेबलाच्या टोकाला लाल दोऱ्याचे दोन डबे आहेत, त्यांना कुणी हात लावू नका. त्यातला एक माझा आहे.