मेबलचा शेवटचा पक्षी

नाही, नाही, थांबा, आधी ती चूक दुरुस्त करा! आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख ‘वाघधरे अंकल, आपले शिकारी’ अशी करून दिली, ती साफ चुकीची आहे, आणि चुकीच्या ओळखीवर माणसाने बोलायला उभं राहू नये. माझं पूर्ण नाव मार्तंड गणपत वाघधरे, वय वर्षं शहात्तर, मूळ राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हल्ली मुक्काम नोव्हाय, मिशिगन, मुलगा विनय आणि सूनबाई शैलजा यांच्याकडे. आडनावावर जाऊ नका. आमच्या सात पिढ्यांत कोणी मांजरसुद्धा धरलेलं नाही. मी जन्मात बंदूक हातात घेतलेली नाही. मी फक्त पुस्तक वाचलं होतं!

शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचून वाचून. आणि नोकरी चौतीस वर्षं एस.टी.त, वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्थानकाच्या खिडकीत बसून ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारणारा गृहस्थ. आणि तो ध्वनिक्षेपक वर्षातले सहा महिने नादुरुस्त, त्यामुळे सगळा भार गळ्यावर. ‘मेहकर–चिखली–बुलढाणा, फलाट क्रमांक दोन!’ म्हटलं की रसवंतीतला माणूस हातातला पेला ठेवून पळत सुटायचा. तुम्हाला सांगतो, हा आवाज लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर आमचे शेजारी, मिस्टर रेमंड. वय एकोणऐंशी, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, पत्नी लोइसबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. घरात हे आणि मेबल. मेबल म्हणजे कुत्री, तेरा वर्षांची, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, लांब केसांची, अत्यंत खानदानी. या गावात मुलगा कामावर, सून कामावर, नात आन्या माझ्या पाच वाक्यांना मिळून एक ‘ओके आजोबा’ देणार… माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारा माणूस म्हणजे हा एक रेमंड. रोज सकाळी साडेसहाला आम्ही तिघं तळ्याभोवती दोन फेऱ्या मारायचो. मला ‘मार्टी’ म्हणतो. सहा वर्षं झाली, मी दुरुस्त केलेलं नाही. दुसऱ्या कोणाला मी असं चालवून घेतलं असतं? विचारा विनयला!

मागच्या ऑक्टोबरमध्ये रेमंड म्हणाला, ‘मार्टी, डॉक्टर म्हणतात मेबलचं हृदय थकलंय. हा तिचा शेवटचा हंगाम.’ मग म्हणाला, ‘मला एकच पक्षी हवाय. तिने शोधावा, मी टिपावा, तिने आणून माझ्या हातात द्यावा. मग बंदूक कपाटात, कायमची.’ मेबलला पिल्लू असताना लोइसबाईंनी शिकवलं होतं हो, अंगणात, दोरीला पिसं बांधून! पण रेमंडला आता इतकं लांब गाडी चालवता येत नाही, आणि शेतातून पक्षी उठवायचे तर रांगेने चालायला दोन-तीन माणसं लागतात. मी म्हटलं, ‘मिस्टर रेमंड, व्यवस्था माझी. शब्द देतो.’

मी शब्द दिला. हे महत्त्वाचं आहे.

शब्द दिला म्हटल्यावर मी गावच्या वाचनालयात गेलो आणि पक्ष्यांच्या शिकारीतल्या शिष्टाचाराचं पुस्तक काढलं. शब्दकोश शेजारी ठेवून तीन आठवड्यांत दोनदा वाचलं, वहीत टिपणं काढली, एकूण बावीस नियम! काय सुंदर पुस्तक, मंडळी! रांग मोडू नये. जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकू नये, कारण खाली कुत्रा असतो, समोर माणूस असतो. दुसऱ्याच्या बाजूचा पक्षी दुसऱ्याचा. आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला आज्ञा देऊ नये, पान एकेचाळीस, स्पष्ट छापलेलं आहे! मला वाटलं, जगात कुठेतरी अजून माणसं अशी वागतात तर… डोळे भरून आले.

रेमंडने सांगितलं होतं, विनयला आण आणि त्याचा एखादा मित्र. किती झाले? दोन. आता आमचे चिरंजीव काय करतात, तर ते आपल्या या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, ‘सॅटरडेला फेझंट हंटिंग, कोण येतंय?’ अहो, हे काय बारसं आहे? एकाला बोलावलं की त्याने साडूलाही घेऊन यावं, ही आपल्याकडची रीत आपल्याकडे शोभते, पण परक्या माणसाच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या शेवटच्या शिकारीला? किती जण आले असतील? नऊ! विनय धरून नऊ! मी ऋषीला, म्हणजे विनयचा पुण्याचा मित्र, फोनवर म्हटलं, ‘अहो, पुस्तकात स्पष्ट छापलेलं आहे, पान सहा, निमंत्रिताने आणखी निमंत्रित आणू नयेत.’ तर म्हणतो, ‘काका, चिल! दोन काय नि नऊ काय, मजा येईल यार! वडे किती करायचे ते सांगा.’

वेळ ठरली सकाळी सातची. रेमंड सहा पन्नासला दारात उभा, नारिंगी टोपी, इस्त्रीचा सदरा, मेबलच्या गळ्यात लोइसबाईंनी शिवलेला जुना पट्टा. सव्वासात… साडेसात… ग्रुपवर एकेकाचं, ‘निघालो’, ‘निघालोच’, ‘पाच मिनिटांत’. नागपूरचा अनीश आवाजी निरोपात ‘निघालो’ म्हणतोय आणि मागे शॉवरचा आवाज येतोय! आठ दहाला तीन गाड्या आल्या, एकीतून ढोलताशे वाजताहेत. रेमंडने फक्त घड्याळ बाहीत सरकवलं.

शिकारीचं ते शेत तासाभरावर. पाळलेले पक्षी पहाटे तिथे सोडतात. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा श्रीमंत मावसभाऊ समजा, शेपटी हातभर. तिथल्या मालकीणबाईंनी आमची वरात पाहिली, नऊ डोकी मोजली, रेमंडकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘मी चारच बंदुका देईन.’ परवाने होते हो चौघांकडे, मी स्वतः तपासले. पण परवान्यावर शिष्टाचाराचा रकाना नसतो! उरलेले पाच जण म्हणाले, ‘आम्ही सपोर्टला.’ सपोर्ट म्हणजे काय? चित्रीकरण आणि वडे.

आणि मग जे सुरू झालं… देवा! रांग म्हणून जी धरली ती पाचव्या मिनिटाला अशी वाकडी झाली की पुढचा मागच्याच्या बंदुकीसमोर, आणि मी मागून ‘रांग! रांग!’ करत धावतोय, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, चिखलातून, हातात वही. पहिला पक्षी उठला रेमंडच्या बाजूने, म्हणजे पक्षी रेमंडचा, निर्विवाद. तर चारही बंदुका एकदम! पक्षी खाली आला तो पिसं कमी आणि छर्रे जास्त, आणि लगेच गल्ली क्रिकेट सुरू, ‘माझा! माझा! मी आधी मारला!’ ‘ए, तुझा कसला, तू तर डोळे मिटले होतेस!’ ‘थर्ड अंपायर! व्हिडिओ दाखव!’ अहो, जीव गेलाय तिथे एक! मेलेल्या जिवापुढे टोपी काढायची असते, पुस्तकात स्पष्ट छापलेलं आहे, पान त्रेपन्न!

आणि मेबल. मेबल बिचारी नाक जमिनीला लावून, दमादमाने, लोइसबाईंनी शिकवलं तसं काम करतेय, आणि या बाजूने अनीश, ‘यू यू यू, मेबल, इकडे!’ त्या बाजूने ऋषी, ‘मेबल, कम, कम, छू!’ मागून सपोर्टवाले, ‘बच्चू, वडा घे!’ तेरा वर्षं एका मालकाची कुत्री, एका सकाळीत तिला दहा मालक! ती मध्येच उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. धाप लागलेली. एक पक्षी जमिनीलगत उडाला आणि राज नावाचे सद्गृहस्थ बंदूक फिरवत फिरवत थेट मेबलच्या पाठीवर आले, आणि विनयने नळी हाताने वर ढकलली म्हणून… नाही, ते मी सांगत नाही. ते मला अजून दिसतं.

रेमंड गेला, मेबलजवळ गुडघ्यावर बसला, तिचे कान चोळले, तिला थोडं पाणी पाजलं. मग उठून माझ्याकडे आला. रागावला? छे! म्हणाला, ‘मार्टी, कोपऱ्यातला तो शेवटचा तुकडा मी आणि ती करू. मुलांना इथे थांबव. शांतता हवी.’ एवढंच.

तो तुकडा कसला होता सांगू? ज्वारीचा! पक्ष्यांना लपायला तिथे ज्वारी लावतात. मेहकर सोडल्यापासून मी उभी ज्वारी पाहिली नव्हती, वाळलेली, वाऱ्यावर खुळखुळणारी. मी सगळ्यांना बांधाशी उभं केलं, नियम क्रमांक सात वाचून दाखवला, म्हातारा आणि त्याचा कुत्रा काम करत असताना कोणी हलू नये, बोलू नये. आणि मंडळी, चमत्कार म्हणा, ते गप्प झाले! ऋषीने फोन खिशात ठेवला. अनीशने टोपी काढली. बार सुटू नये म्हणून बंदुका मधोमध उघडून हातावर घेतल्या, अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या.

मेबल ज्वारीत शिरली. दहा पावलं… पंधरा… आणि थांबली. पुढचा एक पाय दुमडलेला, शेपटी ताठ, नाकापासून शेपटीपर्यंत एक रेष. तेरा वर्षांचं ते थकलेलं जनावर, पण उभं असं राहिलं की काय सांगू! पक्षी तिच्या नाकासमोर दडलेला. रेमंड एकेक पाऊल टाकत निघाला. गुडघे दुखतात त्याचे, ते मागूनही दिसत होतं. आणखी सात पावलं हवी होती. सहा. पाच.

आणि तेवढ्यात मला दिसलं की कुश, इथेच जन्मलेला, तेवीस वर्षांचा, एरवी अत्यंत शांत मुलगा, त्याने फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकलं. एकच पाऊल! आवाज नाही, काही नाही. पण नियम तो नियम, आणि मी शब्द दिलेला, आणि सकाळपासून छातीत साठलेलं… आणि मंडळी, मी पुकारलं. चौतीस वर्षांच्या गळ्याने पुकारलं. ‘कुश! एक पाऊल मागे! नियम क्रमांक सात!’

रसवंतीपर्यंत जाणारा आवाज हो तो.

पक्षी भर्रकन उठला, पण वर नाही, जमिनीलगत, सरळ आमच्या दिशेने. रेमंडने वळून बंदूक खांद्याला लावली होती. समोर आम्ही दहा जण. त्याने ती खाली घेतली. पक्षी आमच्या टोप्यांवरून गेला, शेताकडेच्या तळ्यापलीकडे, झाडीत. रेमंडने बंदूक उघडली, दोन काडतुसं काढून खिशात टाकली. मेबलने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली. सकाळभर उभी होती, ती तेव्हा बसली.

सगळी मुलं माझ्याकडे बघताहेत, एक जणही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं! ऋषीने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘काका, जाऊ द्या यार. होतं असं.’ कुश म्हणाला, ‘आय ॲम सॉरी, काका.’ तो! मला! आणि रेमंड काय म्हणाला? ‘दॅट्स ऑल राइट, मार्टी.’ बस्स. परतीच्या वाटेवर मेबल माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपली. मला वाटलं होतं, पुढच्या शनिवारी पुन्हा नेऊ, फक्त आम्ही तिघं आणि विनय. शनिवारी बर्फ. पुढच्या शनिवारी तिला जिना चढवेना. जानेवारीच्या नऊ तारखेला मेबल गेली.

रेमंडने त्या सकाळचा विषय आजतागायत काढलेला नाही. एका शब्दाने मला दुखवलं नाही. त्याच्याकडे शिष्टाचार होता, मंडळी. माझ्याकडे पुस्तक होतं.

ते परत द्यायला मी वाचनालयात गेलो, मुदत उलटून दोन महिने झालेले, म्हटलं बोलणी खावी लागणार, खायलाच हवीत. तिथल्या बाई संगणकात बघतात काय, म्हणाल्या, ‘ठेवा की अजून. अकरा वर्षांत तुमच्याशिवाय हे कोणी नेलेलंच नाही.’ मी म्हटलं, बाई, परत घ्या. माझे सगळे नियम पाठ आहेत, आणि मी काय केलं ते यातल्या एकाही पानावर छापलेलं नाही.

बरं, मघापासून त्या सूत्रसंचालिका बाई घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं दिली होती, मला कल्पना आहे, वेळ पाळणं हाही शिष्टाचारच. पण मी तरी कुठे बोलू? मेबल गेल्यापासून झालेला बदल एवढाच आहे: सकाळी साडेसहाला रेमंड आणि मी तळ्याभोवती दोन फेऱ्या मारतो, तो रिकामा पट्टा हातात घेऊन चालतो, आणि त्या दोन्ही फेऱ्या संपेपर्यंत मी तोंड उघडत नाही.