मानेचा नंबर

गव्हाळ म्हणालात ना — मग असं करा मथुराबाई, फोन कानाला तसाच ठेवा आणि डब्यातून मूठभर गहू घेऊन या. — हो, गहू, दळायला नेतो ते गहू. थट्टा नाही करत हो. तुम्ही टीव्ही बघून फाउंडेशन मागवताय आणि मला इथून तुमचा चेहरा दिसत नाही, म्हणून आमच्याकडे — आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, बाकीच्या मुली 'पाच नंबर घ्या' म्हणून मोकळ्या होतात — ही पद्धत आहे. आणलेत? आता खिडकीपाशी आरसा घ्या आणि मूठ गालाजवळ धरा. सारखा आहे रंग? — नाही ना. नसतोच. दोन वर्षं झाली मला या फोनवर बसून, फोन करणारी प्रत्येक बाई गव्हाळ असते आणि एकीचाही गाल अजून गव्हाशी जुळलेला नाही. बरं, बदाम आहे का घरात? — नाही. जायफळ? पुरणासाठी आणलेलं असेल एखादं. — धरा. — जुळलं? झालं तर मग, तुम्ही आठ नंबर.

अहो घाबरता काय, आठ म्हणजे काही ताप नाही. आमच्याकडे उजळ ते सावळे एकूण नऊ नंबर आहेत, टीव्हीवर सहापर्यंतच दाखवतात, पुढचे कोणी विचारलं तरच. आता विचारायचं कोणी — तर ते आहेत हेच ज्यांना माहीत नाही, त्यांनी. हे मी मीटिंगमध्ये बोलले होते. चाळीस मिनिटं बोलले. समाजशास्त्रात एम.ए. आहे मी, त्यामुळे साध्या गोष्टीला मला चाळीस मिनिटं लागतात. म्हटलं, रस्त्यावर उभं राहून दहा बायका मोजा आणि मग आपला कार्यक्रम बघा, दोन वेगळे देश वाटतील. 'दोन वेगळे देश' हे मी आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. संतोष सर आहेत आमचे, कार्यक्रम तेच बघतात, ते शेवटी घड्याळाकडे बघून म्हणाले, बरं, आठ नंबर दाखवू, पण त्या रंगाची मॉडेल कुठाय आपल्याकडे? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा मागे वळून बघितलं — कोण आहे म्हणून. — हसा, हसा. पण घ्यायचा असेल तर आजच सांगा, उद्या अकरा वाजता आठ नंबर बंद करायचा ठराव आहे. परत येतोय ना सगळा माल. आठ नंबर दाखवला त्या कार्यक्रमानंतर बायकांनी भराभर मागवला आणि भराभर परत पाठवला, सगळ्यांची तक्रार एकच — टीव्हीत उजळ दिसला, बाटलीत काळा निघाला. मी सरांना म्हटलं, ही लोकांची मानसिकता आहे. 'मानसिकता' म्हटलं की माझं मलाच फार बरं वाटतं.

कुठली मुलगी? — हिरव्या कुर्त्यातली, गेल्या महिन्यात मंगळवारी दुपारची? — हो, असेल. असतात बऱ्याच मुली. काय केलं तिनं? — मान? — मान एकीची आणि तोंड दुसरीचं? — अहो, टीव्हीचं तसंच असतं, लाइट असतात डोक्यावर, त्यामुळे — हो. लाइट मानेवरही पडतो, ते बरोबर आहे तुमचं. — नाही, तीस वर्षं कंडक्टर होतात म्हटल्यावर तुमच्या नजरेशी मी कशाला वाद घालू. पासवरचा फोटो आणि समोरचं तोंड एक आहे का, हेच बघत आलात तुम्ही, तुमच्यापासून काय लपणार आहे.

मीच ती. — हो, मीच, मैत्री, फोन उचलताना नाव सांगितलं ते हेच. आवाज ओळखला होतात? मग आधी बोलायचं ना. — मी कधी सांगते ते बघत होतात. वा.

मग ऐकाच आता. आमचे मेकअपवाले रज्जाकभाई, त्यांनी आठ नंबरची बाटली उघडून समोर ठेवली होती. तेवढ्यात सर दारातून म्हणाले, फ्रेममध्ये ही फार दबतेय, पाच घ्या. रज्जाकभाईंनी हात थांबवला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "आठच ना बेटा?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं मला. एक अक्षर. मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं बोलणारी मी — मी काय म्हणाले माहीत आहे? "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." आणि त्यांनी पाच लावला, आणि मी आरशात बघितलं, आणि मला — हे मी घरीपण बोलले नाहीये — मला आवडलं. बरी दिसतेय, असं वाटलं. मग मी हातात आठ नंबरची बाटली धरून कॅमेऱ्यात बघून म्हणाले, 'ही माझी छटा, अभिमानानं.' 'अभिमानानं' माझंच, कोणी लिहून दिलं नव्हतं. — मानेला? नाही, मानेला काही लावलंच नाही त्यांनी. घाईत राहिलं असेल, असं इतके दिवस समजत होते मी. पण रज्जाकभाई इतक्या वर्षांत कोणाची मान विसरलेले नाहीत हो. आता तुम्ही बोललात तेव्हा लक्षात येतंय.

म्हणजे त्या बायकांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी माझं तोंड बघून मागवला आणि बाटलीतून माझी मान निघाली. आणि बंद होतोय कोण, तर आठ नंबर. — सांगीन ना, उद्या अकराला सांगीन. यावेळी चाळीस मिनिटं नाही लागणार, पाच शब्दांचं आहे — मी पाच लावून आठ विकला. आणि नाही सांगितलं तरी — अरे देवा — हा कॉल रेकॉर्ड होतो. सुरुवातीला ती बाई सांगते ना, गुणवत्तेसाठी वगैरे, ती खोटं नाही बोलत. सर ऐकतात सगळे. म्हणजे सांगून झालंच माझं.

ते जाऊ दे, तुमचं बोला. कशासाठी हवंय? — शनिवारी निरोप समारंभ, डेपोतच. आणि मुलीच्या लग्नात पार्लरवालीनं राख फासल्यासारखं केलं होतं, अल्बम कपाटातून बाहेर काढत नाही. — कळलं. नाही, यावेळी तसं नाही होणार. मग कुठला नंबर लिहू, तुम्हीच सांगा, मी आता कोणाला सांगायच्या लायकीची — काय? — परत सांगा. — त्या मुलीच्या तोंडाचा नको, मानेचा नंबर द्या.

तोच तो. जायफळाचा. — लिहिला. पत्ता आहे माझ्याकडे, शुक्रवारी पोचेल. गहू ठेवून द्या परत डब्यात. आणि मथुराबाई, एक विचारू का, खरं सांगा — ती मान, टीव्हीवर — दिसायला कशी होती? तोंडाचं सोडा, नुसती मान म्हणतेय मी. बरी दिसत — हॅलो? मथुराबाई?

हॅलो?