भात संपला म्हणालो मी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय, मास्तर. बायकोला न्हाय, आई होती तवा आईला न्हाय, आणि देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनातसुद्धा न्हाय. तुम्ही म्हणालात तुमचं आयुष्य सांगा, मी लिहून घेतो. वाढप्याचं कसलं आलंय आयुष्य, वीस-पंचवीस वर्षं हातात आमटीची बादली, दुसरं काय. तरी घ्या लिहून. पण हे घेणार असाल तरच बाकीचं घ्या, न्हायतर वही मिटा आणि चहा पिऊन जावा.

मी मूळचा शाहूवाडीकडचा. डोंगरातलं गाव, दोन खाचरं, भातच पिकायचा आणि तोही बेताचा. नाचणीची भाकरी खाऊन दिवस काढायचे, आणि ज्या दिवशी भात शिजला त्या दिवशी आई म्हणायची आज जेवलो बाबा. भाकरी खाल्ली तर नुसतं खाल्लं, भात असला तर जेवलो. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल ह्याला काय ठाऊक भाताचं. ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

विशीत कोल्हापूरला आलो. शिवाजी पेठेत एक खानावळ होती, बिनमटणाची, तिथं आधी पाणी ओढलं, मग भांडी घासली, मग वाढपी झालो. मालकांना सगळी पेठ आप्पा म्हणायची. गल्ल्यावर बसायचे, अंगात बंडी, आणि नजर अशी की कुणाच्या ताटात किती पडलं ते मान न वळवता कळायचं. गिऱ्हाईक दोन जातीचं. एक महिनेवाले, म्हणजे महिन्याचे पैसे भरून रोज जेवणारे, तालमीतली माणसं, कचेरीतले कारकून, सगळे ओळखीचे, एकमेकाला शिव्या घालत जेवणारे. आणि दुसरे पावणं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले, पायात धूळ, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी. बाहेर पाटी होती, पोटभर जेवण. पैसे आधी घ्यायचे, मग पाट द्यायचा.

आता पोटभर म्हणजे काय, ते आमच्या हातात असायचं. महिनेवाला उद्या परत येणार, त्याला राग आला तर तो दुसरीकडं जाईल. पावणा कशाला परत येतोय. म्हणून पावण्याला उठवायचं. हा आमचा शब्द, उठवणं. शिवी द्यायची न्हाय, जा म्हणायचं न्हाय, माणूस आपल्या पायानं अर्ध्या ताटावरनं उठला पाहिजे आणि त्याला वाटलं पाहिजे की आपलंच पोट भरलं. त्याची रीत होती. पहिल्यांदा गार, जाड भाकरी. वर मसुराची आमटी, तिच्यात पावण्यापुरती कांदा-लसणाची चटणी जास्तीची, डोळ्यांतनं पाणी आलं पाहिजे. मग पाणी द्यायचं न्हाय. त्यानं हाक मारली की व्हय व्हय म्हणत दुसरीकडं जायचं. मग एकदम पाण्याचा तांब्या समोर, की तो घटाघटा पितो आणि पोट पाण्यानं भरतं. मग पुढचा माणूस त्याच्या पाठीशी आणून उभा करायचा, आणि मोठ्यांदा म्हणायचं, पावणं, निवांत होऊ द्या, हे उभे राहतील की.

आणि भात शेवटी. तेव्हा रेशनिंग होतं, स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झालेली, तांदूळ मिळायची मारामार. आप्पांनी नेम घालून दिलेला, भात महिनेवाल्यांचा. पावणा भातापर्यंत पोचता कामा नये. पोचलाच तर संपला म्हणायचं.

ह्यात माझ्यासारखा दुसरा कुणी न्हवता. हसू नका, मला त्याचा अभिमान होता. मी एखाद्याला एका भाकरीत उठवला की तालमीचे लोक मांडीवर थाप मारायचे, वा रे गड्या, ह्यानं तर आल्या पावली चीतपट केला. आप्पा गल्ल्यावरनं पान फेकायचे, ते मी झेलायचो. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, मास्तर. पोर न्हवतो. समज न्हवती असं म्हणायची सोय न्हाय.

त्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं. कोकणातलं, साखरप्याच्या पुढं दोन मैलांवर त्यांचं गाव. आंबा घाट चढून मोटारीनं आलेले, म्हणजे माझ्याच मुलखातनं आलेले. माणूस सुतार होता, चाळिशीचा, हातात काठी, पाऊल टाकताना दात आवळायचा. बाई बारीक, इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. आमच्याकडं बायका जेवायला क्वचित यायच्या, त्यांच्यासाठी कोपऱ्यात तरटाचा पडदा लावलेला, त्याच्यामागं दोघं बसली.

मी भाकरी वाढली तर सुतार म्हणाले, अहो दादा, रागावू नका, हिला आधी भात द्याल काय, घासभरच द्या, मग काय ती भाकरी खाऊ. मी म्हणालो का बरं. तर ते सांगायला लागले. दोन वर्षांमागं ते घराच्या आढ्यावरनं पडले, कंबर मोडली, हाडवैद्य म्हणाला उठायचे न्हाईत. तवा बाईनं नवस बोलला, हे स्वतःच्या पायानं चालत अंबाबाईच्या उंबऱ्याला लागतील तोवर मी भात शिवणार न्हाई. कोकणातली बाई, दोन वर्षं भाताविना, कुणाच्या लग्नात न्हाई की सणाला न्हाई. आज उंबऱ्याला लागलो, ते म्हणाले, पुजाऱ्यानं सांगितलं इथंच, देवीच्या गावात घास घ्या आणि मग परता. आणि बाई खाली मान घालून हसत होती. नवी नवरी हसती तशी.

काय सांगू तुम्हाला, मला तवा काय वाटायला पायजे होतं आणि काय वाटलं. मला वाटलं, हे चांगलं हाय, हे सगळ्यांना ऐकवू.

मी पडदा वर करून खिळ्याला अडकवला. म्हणालो वैनी, उकडतंय, वारा लागू दे. आणि महिनेवाल्यांकडं तोंड करून म्हणालो, ऐकलं का, ह्या वैनींना आधी भात पायजे. पलीकडनं एक पैलवान म्हणाला, बाळंतीण हाय का रं? सगळी खानावळ हसली. मी म्हणालो, पावणं, आमच्या कोल्हापुरात भात आजाऱ्याला देत्यात, धडधाकट माणूस भाकरी खातो, आधी भाकरी संपवा, रीत म्हणजे रीत. सुतारांना राग आला होता पण काठी बाजूला होती, आणि परगावात माणूस कितीसा बोलणार. बाई म्हणाली, असू दे, खाते की. आणि तिनं भाकरी मोडली.

आमटी मी वाढली. हातानं वर चटणी सोडली, दोन बोटं जास्तच. पहिल्याच घासाला तिला ठसका लागला, डोळं लाल, नाकातनं पाणी, पदर तोंडाला. सुतार पाणी पाणी म्हणत होते, मी व्हय व्हय म्हणत दुसऱ्या पंगतीला गेलो. कुणीतरी म्हणालं, कोकणातला नारळ फुटला रं. परत हशा. आणि ती बाई, मास्तर, ती उठली न्हाय. तेवढ्या दिवसांत मी बघितलेलं एकच गिऱ्हाईक जे उठलं न्हाय. डोळे पुसत, हुंदका गिळत तिनं ती भाकरी संपवली, सगळी, कोर ठेवली न्हाय. ताट पुढं केलं आणि म्हणाली, दादा, आता भात.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पासुद्धा.

आतल्या चुलीवर भाताचं पातेलं होतं. झाकण बाजूला होतं आणि वाफ येत होती, मी उभा होतो तिथनं दिसत होतं, अर्ध्याच्या वर भरलेलं. एक मूठ घातली असती तर आप्पा मला खाणार न्हवते. पण त्या बाईनं मला हरवलं होतं ना सगळ्यांसमोर. मी म्हणालो, भात संपला.

सुतार म्हणाले, अहो असं काय करता, घासभर, खरवडून तरी बघा. मी म्हणालो, संपला म्हणजे संपला, पावणं, तांदूळ काय माझ्या परसात पिकतो का. आणि ते जे हसले लोक, आधीसारखे न्हाय, थोडे कमी, पण हसले.

बाईनं वाद घातला न्हाय. ताटाला हात लावून नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाली, चला. आईच्या मनात अजून नाही. माझंच काहीतरी उणं राहिलं असेल. तिला वाटलं देवीनं घास नाकारला. माझं नावसुद्धा तिच्या मनात न्हवतं. आप्पांनी पान फेकलं, मी झेललं.

पुढं पाच-सहा वर्षं गेली. रेशनिंग उठलं, भात मुबलक झाला, मी मुख्य वाढपी झालो, हाताखाली दोन माणसं. एक दिवस दुपारी काठी टेकत सुतार आले, एकटे. मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं. मी काय केलं, तर ताटात भाताचा ढीग घातला, न मागता, तूप घातलं. ते भाताकडं बघत बसले. मग म्हणाले, दादा, एक विचारतो, खरं सांगा. त्या दिवशी भात खरंच संपला होता?

मी म्हणालो, का हो?

तर म्हणाले, ती गेली, गेल्या चैत्रात. त्या दिवसापासनं तिनं भात शिवला न्हाई. मी हातापाया पडलो, चल परत जाऊ कोल्हापूरला, तर म्हणायची देवीनं एकदा घास काढून घेतला, आता मी जबरदस्तीनं खाल्ला तर तुमच्या पायावर येईल. शेवटी पोटात काही ठरेना, वैद्य म्हणाले फक्त तांदळाची पेज ठरेल. मी वाटी तोंडाशी धरली तर तिनं दात घट्ट मिटले. तशीच गेली. म्हणून विचारतो. संपला असेल तर देवीची इच्छा, मला कुणाला काही बोलायचं न्हाई. पण संपला नसेल, तर मी त्या दिवशी उठायला नको होतं.

पाचसहा माणसं जेवत होती. माझ्या हाताखालचे दोघं बघत होते. मी म्हणालो, खरंच संपला होता, देवीशपथ.

सुतारांनी मला हात जोडले. म्हणाले, बरं झालं, मन मोकळं झालं. आणि ते सगळा भात जेवले, शीत न शीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोललो. तुम्हीही तसंच लिहाल, तुमचा चेहरा तसा दिसतोय. लिहू नका. मी भ्यालो म्हणून खोटं बोललो. देवीची शपथ घेतली, कारण ती तोंडात आली.

त्यानंतर खानावळ सोडली. आता इथं जयसिंगपूरला व्यापाऱ्यांच्या मेसमध्ये रांधतो, वाढायला जात न्हाय. बायको विचारती, तुम्ही वाढायला का जात न्हाय, मी म्हणतो गुडघं दुखत्यात. पोरगी औंदा लग्नाची हाय. मला कसला रोग न्हाय, कुणी मला वाईट म्हणत न्हाय. कोल्हापूरनं सकाळची रत्नागिरीची गाडी सुटती ती घाट उतरून साखरप्याला थांबती, मी दोनदा स्टँडवर गेलतो, एकदा तर तिकीटही काढलं. गाडी गेली, मी उभाच. सुतार अजून हायेत, मी चौकशी केली. थकलेत, पण हायेत.

पैसे मी त्यांचे काय लागत न्हाय, ते तर त्यांनी आधीच भरले होते. मी त्यांना दोन वाक्यं देणं लागतो. त्या दिवशी भात होता. आणि तुमच्या बायकोचा नवस पुरा झालता.