त्या पिक्चरमध्ये तुकडा नव्हता

आदरणीय भंतेजी, वडीलधारी मंडळी, आयाबहिणींनो, आणि पुढे बसलेल्या कौसल्यावहिनी, सर्वांना जयभीम.

गुरुवारी, तेवीस तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता मी रेल्वे फाटकाजवळ संत्र्याच्या एका आडत दुकानाची पाटी रंगवत होतो. शिडीवर होतो. खालून एकानं सांगितलं, सुखदेवभाऊ गेले. मी खाली उतरलो. उतरल्यावर कुठं जायचं ते सुचेना. तिथंच उभा राहिलो.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी नववीपर्यंत शिकलो. पाटीवर अक्षर चुकलं तर टर्पेंटाइननं पुसता येतं, बोललेलं पुसता येत नाही. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आतापर्यंत सगळे चांगलं बोलले. भाऊ विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून कशा बांधून द्यायचे, सावरगाव, लोधीखेडा, सौंसरपर्यंत सायकलनं कसे जायचे, ते सगळं आलं. पण टॉकीजबद्दल कोणी बोललं नाही. एकही माणूस नाही. मंडळी, या माणसानं निम्मं आयुष्य टॉकीजच्या वरच्या खोलीत मशीन चालवली. आपल्याला हसवणारे, रडवणारे सगळे पिक्चर त्यांच्या हातून आले. आणि आज आपण असं बोलून राहिलो, जसे काही ते जन्मापासून मोटारीच बांधत होते.

का नाही बोललो? कारण सगळ्यांना माहीत आहे.

परवा मी भाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, “रमेश, त्यायनं मले सांगतलं होतं, त्या पिक्चरमध्ये तसं काही नव्हतं. मीनं मानलं. पण सहा वर्षांत गावचा एक माणूस मले येऊन नाही म्हणला का वहिनी, भाऊ खरं बोलून राहिले. एक माणूस, रमेश.”

मी म्हटलं, वहिनी, मी सांगीन. सभेत सांगीन. म्हणून उभा आहे. आयाबहिणी बसल्या आहेत, लेकरं आहेत. कोणाला उठून जावं लागेल असं काही बोलणार नाही.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. शाळांना सुट्या. टॉकीजमध्ये पंखे चालू असले तरी गरम हवाच फिरायची. चांगला पिक्चर मिळाला नाही म्हणून मालकांनी नागपूरहून एक फ्रान्सचा पिक्चर मागवला. फक्त मोठ्यांसाठी, असा. बाहेरची पाटी मीच रंगवली. अशा पिक्चरचा एक रिवाज होता. लहान पोरांना माहीत नसेल. मूळ पिक्चरशी संबंध नसलेला, दुसऱ्याच कुठल्यातरी फिल्मचा एक घाणेरडा तुकडा ऑपरेटरनं मध्येच जोडायचा. लोक त्या तुकड्यासाठी यायचे. मालकांनी तो तुकडा वेगळ्या डब्यात मागवून ठेवला होता.

भाऊंनी खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळा पिक्चर एकट्यानं चालवून पाहिला. मी पाटी दाखवायला वर गेलो, तेव्हा मालक तिथं होते.

मालक म्हणाले, “ते बाई त्याच्या दाराशी जाते नं, तिथंच जोड. दार उघडलं का आपला तुकडा.”

भाऊ म्हणाले, “दार उघडतच नाही, मालक.”

“अबे, उघडलं म्हणून समज!”

“ते बाई दारातून वापस फिरते. आपून तिले अंदर ढकलून राहिलो.”

मालक हसले. “फ्रान्सची बाई हाय ते. पांढुर्ण्यात तिच्याबद्दल काय म्हणून राहिले, हे तिले कोण सांगाले जाते?”

भाऊ म्हणाले, “तिले मालूम नाही पडणार. मले तं पडते.”

मालक म्हणाले, जोडणार नाही तर उद्यापासून येऊ नको. भाऊंनी मान हलवली. हो म्हणाले का नाही म्हणाले, ते मालकांना कळलं नाही. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मीही आत बसलो. पिक्चर साधा होता. समुद्राकाठचं एक गाव. उन्हाळ्याच्या सुटीत एक बाई लहान पोराला घेऊन तिथं राहायला येते. नवरा नोकरीवर, फक्त रविवारी रेल्वेनं येतो. शेजारच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला एक माणूस आलेला, तिथंच राहायचा. ती त्याच्याकडे पाहते, तो तिच्याकडे पाहतो. ती दोरीवर कपडे वाळत घालते, तो ठोकत राहतो. बोली फ्रान्सची, एक शब्द कोणाला समजत नव्हता. पण लोक शांत होते. का? कारण तुकडा येणार होता. पापणी लवली आणि तुकडा निघून गेला तर? म्हणून मंडळी, आपल्या गावानं जन्मात कोणता पिक्चर इतक्या ध्यानानं पाहिला नसेल.

मग ती दुपार आली. पोरगं झोपलेलं. बाई उठली, केस नीट केले, शेजारी गेली. दाराशी उभी राहिली. हात वर केला, ठोठावायला. आणि तशीच उभी. कितीतरी वेळ. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही.

मागून एक जण ओरडला, “अवं ठोठाव नं बाई!”

बाल्कनीतून दुसरा ओरडला, “नोको ठोठावू! पोट्टं उठंन!”

“तू कोन बे तिले सांगनारा?”

“तू कोन बे? तिचा सासरा?”

झालं. गोटमारीत नदीच्या दोन काठांवर उभे राहतो तसं, अर्धा हॉल पांढुर्णा, अर्धा सावरगाव. फक्त दगड नव्हते. मी काय सांगू, ते तुकड्यासाठी आलेले लोक तुकडा विसरले होते. त्या बाईचं आता काय होतं, एवढंच त्यांना पडलं होतं.

तिनं हात खाली घेतला. पायरीवर बसली. तिच्या खिशात एक फळ होतं, ते खाल्लं. हात झग्याला पुसले. घरी गेली. संध्याकाळी नवऱ्याची गाडी आली, ती पोराला घेऊन स्टेशनवर उभी होती. पिक्चर संपला.

दिवे लागले. तेव्हा लोकांना आठवलं, तुकडा तर आलाच नाही. मग शिव्या झाल्या, दोनचार खुर्च्या मोडल्या. मालकांनी त्याच संध्याकाळी भाऊंना काढलं, तेव्हापासून भाऊ मोटारी बांधायला लागले. मालक टॉकीज विकून निघून गेले, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलत नाही.

पण नंतर काय झालं? चौकात दोस्तांनी विचारलं, कसा होता? आता भर उन्हाळ्यात पैसे देऊन एका बाईला फळ खाताना पाहून आलो, असं कोण सांगेल? सगळे म्हणाले, “काय पिक्चर होता भौ! सगळं दाखवलं!” आणि घरी विचारलं तेव्हा तेच लोक म्हणाले, “मी? मी नाही गेलो. मी तं सौंसरले होतो.”

या दोन बोलण्यांच्या मध्ये सुखदेवभाऊ सापडले. गावात पसरलं की भाऊंनी घाणेरडा पिक्चर दाखवला. नाही दाखवला, हे सांगायचं तर आधी म्हणावं लागेल, मी तिथं होतो. ते कोणी म्हणेना, मीही नाही म्हटलं. सुट्या लागायच्या आधी भाऊ शाळेत लेकरांना फिल्म दाखवायचे, ते बोलावणं बंद झालं. याच विहारात भाऊ येऊन चपलांपाशी बसायचे. पुढे या, असं कोणी म्हटलं नाही. नळावर वहिनींना बायका काय काय बोलल्या, ते वहिनींना माहीत.

मी एकदा भाऊंना विचारलं, हॉलमध्ये होते त्यांची नावं तुम्ही का घेत नाही? वरून तर सगळे दिसत होते. भाऊ मोटारीला तार गुंडाळत होते. म्हणाले, “बिचारे त्या बाईसाठी भांडले नं रे. कोनाच्या घरात कायले आग लावू?”

मंडळी, आता आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहणार आहोत. माझी एक विनंती आहे. त्या दिवशी जे हॉलमध्ये होते, त्यांनी आधी उभं राहावं. बाकीच्यांनी थोडं थांबावं. बोलायचं काही नाही. कोणी काही विचारणार नाही. मी नावं घेणार नाही, भाऊंनी घेतली नाहीत.

मी होतो.

थांबा. घाई नाही.

खिडकीजवळ एक उठले. राहा उभे, बसू नका. त्या खांबापाशी दोघं. काका, तुम्ही? हात द्या रे त्यांना, गुडघा दुखतो त्यांचा. पुढच्या रांगेतले... हो. मागे पाच-सहा जण. बाहेर ओट्यावरही उठले आहेत.

वहिनी, वर पाहा. मागे वळून पाहा. एक नाही, वहिनी.

आता बाकी सगळे उठा. सुखदेवभाऊंसाठी, दोन मिनिटं.