उलट्या नक्षीची फरशी

बाळाच्या लशीसाठी मी दवाखान्यात बसले होते. मागच्या बाकावर एक फरशीवाला, त्याची बायको आणि लेक सुट्टीत मोठ्या शहरात जायचं ठरवत होते.

“राहायचं कुठे? हॉटेल परवडायचं नाही.”

“माझ्या आत्याकडे. म्हणाली, सतरंज्या तुमच्या, जमीन माझी.”

“आणि बघायचं काय?”

“नदीकाठ फुकट, बाग फुकट. तुम्ही फरश्या बसवलेलं वाचनालयही फुकट.”

“तिथे नको. आम्हाला मागच्या दाराने आत घ्यायचे.”

“आता पुढच्या दाराने जाऊ. लेकीला तुमची ती फरशी बघायचीच आहे.”

“अगं, अख्ख्या दालनात त्या एकीचीच नक्षी उलटी बसलीय. ती काय मिरवायची?”

“का उलटी बसली, तेही सांगा की तिला.”

“हिच्या जन्माचा फोन आला. नक्षी कुठे बघतोय मी!”

“आणि मुकादम?”

“म्हणाला, काढ ती. म्हटलं, उद्या काढतो. आणि मिळेल ती गाडी धरून तुमच्याकडे आलो.”

“ऐकलंस ना गं? अजून तशीच असेल.”

“बाबा, मी तिच्यावर उभी राहू?”

“उभी काय, नाच! पुढच्या दाराने जायचं नि नाचायचं. पक्की बसवलीय, हलायची नाही.”