हौद्याची चार भोकं

...आणि वर मलाच म्हणतात, "तू आरडू नकोस!" आरडू नको? अहो, गाडीच्या ज्या हौद्यावर आमचं पोट चालतं त्या हौद्याच्या पत्र्यातून माझा पाय आरपार गेला, मग काय गाणं म्हणू?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमची पिकअप आहे. बर्फाच्या लाद्या वाहतो आम्ही. कारखान्यातून उचलायच्या, हॉटेलांत आणि मासळीवाल्यांकडे पोचवायच्या. हे गाडी चालवतात, मी आकड्यानं लाद्या ओढते. हे म्हणजे नवरा. बोलायचं काम माझ्याकडे, गप्प बसायचं त्यांच्याकडे, लग्नापासून वाटणी तशीच आहे. आणि गाडी? वरून बघाल तर नवी नवरी! पांढरीशुभ्र, कडेला लाल पट्टा, हौद्यात जाड रबरी मॅट चारी कडांनी चिकटवलेली. लोक थांबून विचारायचे, "नवीन घेतली का हो?" मी मान उडवून म्हणायची, "अकरा वर्षं झाली! राखली तर राहते वस्तू!" काय तो तोरा माझा...

तर पासिंगला आठ दिवस उरलेले. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही, गाडी नाही तर बर्फ नाही, आणि बर्फ काय थांबतो का कुणासाठी? चार दिवस चुकलात की गिऱ्हाईक दुसऱ्याचा बर्फ लावून मोकळं, पुन्हा तुमचं तोंड बघत नाही! अशात मी सकाळी हौद्यात चढले, टाच टेकवली, आणि कर्रर्र... मॅटसकट पाय आत! हे बाहेरून विचारतात, "काय झालं?" म्हटलं, "वाकून बघा, गाडीखाली माझी चप्पल दिसतेय का!"

मॅट उचकटली. आई गं! पत्रा कसला, भिजलेला पुठ्ठा! पापुद्रा उचलावा तर खाली अजून एक पापुद्रा, आणि त्याच्याखाली थेट रस्ता. वरून बघाल तर नवी नवरी, आणि आत हे!

हे म्हणाले, "पुट्टी भरू, वर रंग मारू. पासिंगच्या साहेबाला काय कळतंय?" अशी भडकले मी! "आणि भर रस्त्यात लादी खाली गेली, मागून कुणी येत असलं तर? माझ्या घरात झाकाझाकी चालायची नाही!" हे वाक्य लक्षात ठेवा हं. माझंच आहे.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघा. हातात पेचकस, आतून सडलंय का बघायला दिसेल ते ठोकत सुटले. फ्रिज ठोकला, कपाट ठोकलं, पाण्याची टाकी ठोकली, सासूबाईंचा पलंग ठोकला, त्या वर झोपलेल्या! "अगं जिवंत आहे मी अजून!" हे जेवता जेवता म्हणतात, "मलाही बघ ठोकून." म्हटलं, "तुमच्यातनं आवाज आलाय का कधी?"

वेल्डरला दारातच बोलावलं. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या, आणि मी सुरू! मॅट चिकटवणाऱ्याचा उद्धार केला, कंपनीचा केला, यांचा तर रोजचाच. "पत्रा लावला होता की रद्दी?" वेल्डर गाडीखालून म्हणतो, "वहिनी, कंपनीला कशाला बोल लावता? पाणी तुंबलंय. हौद्याला चार भोकं असतात पाणी जायला. तुमची चारही बंद. कुणीतरी बोळे कोंबलेत."

"कोण मेलं ते? समोर आणा, उभा फाडते!"

तेवढ्यात त्यानं पकडीनं एक बोळा ओढला. काळा, चिकट. झटकला... आणि आतून पोपट. हिरवागार, लाल चोचीचा.

सासूबाईंना चष्म्याशिवाय पुढचं ताट दिसत नाही, पण पोपट दिसला! "अगं बाई, हा तर तुझ्या गाऊनचा!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं... चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी दारात उभी, बर्फाचं पाणी फरशीवर टपटप. मी पुसायची, ते टपटप. परत पुसायची, परत टपटप! आठ दिवस सोसलं, नवव्या दिवशी गाडीखाली शिरले आणि जुना गाऊन फाडून चारही भोकं अशी ठासली म्हणून सांगू! फरशी ठणठणीत कोरडी! ते पाणी मग जातं कुठं, हे बघायला सवड कुणाला होती?

मी काय केलं? पोपट मुठीत घेतला, मूठ पदराआड, आणि म्हटलं, "दादा, तुम्ही तुमचं काम करा." यांनी बघितलं. हळूच कानाशी येऊन म्हणतात, "पुट्टी भरायची का?"

सडलेलं सगळं कापलं, नवा पत्रा जोडला, घासला, लाल प्रायमर, वर रंग. मॅट आता नुसती अंथरायची, गाडी उभी केली की उचलायची. पासिंगच्या साहेबानं हातोडी मारली, टण्ण! माझ्या छातीत पण टण्ण! म्हणाला, "काम पक्कं आहे. पण इतका सडला कशानं होता?" मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून शब्द फुटेना. हेच म्हणाले, "जुनी गाडी, साहेब."

झाली पास! एक गिऱ्हाईक तुटलं नाही. वरून बघाल तर नवी नवरी, आणि खालून... टपटप, टपटप, दिवसभर! पुसते मी, गुमान पुसते. फडकं यांनीच आणून दिलं, धुऊन, वाळवून, घडी घालून. चार वर्षं गंजात राहून पोपट अजून हिरवाच्या हिरवा आहे हो...

राखली तर राहते वस्तू!