आवाजाची वायर

संत तुकाराम नगरातल्या एहसानच्या दुरुस्तीच्या दुकानात सुप्रिया पाळीची वाट बघत होती. तिच्यापुढे निघोज्याचे दादू लॅपटॉप आणि त्यावर जुन्या कॅसेटी उतरवायचं कार्ड घेऊन उभे होते.

"एहसानभाऊ, कॅसेटीतली कारभारीण दिसती, पण बोलत न्हाई."

"कार्डाला काय काय जोडलंत?"

"व्हीसीआर आन् कॅमेरा, दोन्ही."

"घरीच स्टुडिओ काढलात की. आणि वायरी?"

"पिवळी कॅमेऱ्याला. लाल-पांढरी व्हीसीआरलाच ऱ्हायली."

"दादू, पिवळीतून नुसतं चित्र येतं. आवाज लाल-पांढरीतून. कॅमेऱ्याची कॅसेट द्या, परत उतरवू."

"तिच्या दहाव्याला लुगड्यासंगं इंद्रायणीत सोडली."

"आधी ऐकून नाही बघितलं?"

"चित्र बघितलं. आवाज ऐकायचा धीर न्हवता."

दादूंनी लॅपटॉप मागे सुप्रियाकडे वळवला.

"व्हट हालत्यात बघ. काय म्हणती, तुला कळतंय का?"

सुप्रिया पडद्याजवळ सरकली. "लावा परत, दादू. सुरुवातीपासून."